घरांची दाटी आणि कामाची वाट

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये राहणाऱ्या माणसाला पत्ता विचारला, तर तो तीन आकडे सांगतो : क्वार्टरचा क्रमांक, सडकेचा क्रमांक आणि सेक्टरचा क्रमांक. त्या पत्त्यात कोणा पुढाऱ्याचे नाव नसते, देवळाचे नसते, पूर्वी तेथे असलेल्या गावाचेही नसते. कारखान्याने यंत्रांना क्रमांक दिले तसेच घरांनाही दिले, आणि माणसे त्या आकड्यांत इतकी रुळली की आता त्यांना तेच नाव वाटते. अशा वस्तीत जुनी घरे पाडून उंच इमारती बांधाव्यात की आहे तो मोकळेपणा राखावा, असा प्रश्न निघाला म्हणजे बोलणारे बहुधा घरांविषयी बोलतात. माणसे रोज किती अंतर तोडून कामावर येतात, हा विषय त्या बोलण्यात उशिरा येतो. कित्येकदा येतच नाही. वस्तीची घनता आणि कामावरचा प्रवास या दोन गोष्टी एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे या व्याख्यानात सेक्टर २ च्या आधाराने पाहावयाचे आहे.

वादातील म्हणणी प्रथम ऐकून घ्यावीत. एक पक्ष जुन्या रहिवाशांचा. त्यांच्या मते या वसाहतीचे वैभव म्हणजे तिचा विरळपणा. घरामागे पेरूचे नाही तर आंब्याचे झाड, पुढे रुंद सडक, मुलांना खेळावयास मैदान, आणि पाय मोकळे करण्यास निघाले तर वाहनांचा धक्का नाही. हे सारे गेल्यावर भिलाईत राहिले काय, असा त्यांचा सवाल असतो. दुसरा पक्ष म्हणतो की भिंतींना तडे गेलेली, छताचे गिलावे सुटलेली घरे किती दिवस सांभाळावयाची? एवढ्या मोक्याच्या जमिनीवर इतकी थोडी माणसे राहतात, बाजार ओस पडतो, शाळा बंद पडतात. वर चढून बांधा, म्हणजे वस्ती पुन्हा भरेल. तिसरा पक्ष नळ आणि गटारे यांचा दाखला देतो. हे नळ ज्या लोकसंख्येसाठी घातले तिच्या दुपटीचा भार ते कसे सोसतील, ही त्याची शंका. तिन्ही म्हणणी प्रामाणिक आहेत आणि तिन्हींत तथ्य आहे. परंतु ती सर्व वसाहतीच्या आत उभे राहून मांडलेली आहेत.

ही वसाहत कशी उभी राहिली, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. भोपाळ राजधानी झाले ते १ नोव्हेंबर १९५६ नंतर, आणि छत्तीसगड हे वेगळे राज्य २००० साली अस्तित्वात आले. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूची मराठी कुटुंबे याच मुंबई-हावडा लोहमार्गाने भिलाईस आली, यात म्हणूनच नवल नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. आरंभीची वार्षिक क्षमता १० लाख टन पोलादाची. पुढे ती २५ लाख आणि नंतर ४० लाख टनांवर गेली. खनिज दल्ली-राजहरा येथून येई, पाणी तांदुला धरणाच्या कालव्यातून, आणि माणसे सर्व देशातून. सेक्टर २ मध्ये अय्यप्पाचे देऊळ आहे आणि तेथील तळ्यावर कार्तिकात छठपूजेची गर्दी लोटते. केरळ आणि बिहार एका सेक्टरात कसे नांदतात, ते एवढ्यावरून कळावे.

या भरतीच्या खालची जमीन मात्र मोकळी नव्हती. कारखाना आणि वसाहत यांसाठी अनेक गावांची शेते घेण्यात आली. रिसाली, मरोदा, रुआबांधा ही नावे आज वसाहतीच्या भागांची म्हणून घेतली जातात. मुळात ती गावांची नावे होत. बाकी कित्येक शेतांचे केवळ आकडे झाले.

सेक्टर ही कल्पना भिलाईत जन्मलेली नाही. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील औद्योगिक शहरांत माजलेल्या दाटीत आहे. एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली उद्यान-नगरांची योजना मांडली. ६,००० एकर जमीन, त्यापैकी १,००० एकरांवर नगर, त्यात ३२,००० लोक आणि भोवती शेती, असे तिचे मान होते. कारखाने नगरातच असावेत आणि माणसाने घरून पायी कामावर जावे, हा त्या योजनेचा गाभा होता. पुढे रेमंड अन्विन यांनी १९१२ साली एक पुस्तिका लिहून दाखवून दिले की घरे दाटीने बांधण्यात वाटतो तेवढा लाभ नसतो, कारण वाचलेली बरीचशी जमीन रस्तेच गिळतात. एकरी १२ घरे हे त्यांचे प्रमाण नगररचनाकारांत पुढे जवळजवळ स्मृतिवचनासारखे चालले. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली परिसर-घटकाची कल्पना मांडली. एका प्राथमिक शाळेस पुरेल इतकी वस्ती, मध्यभागी शाळा व मैदान, कडेने दुकाने, आणि मोठी वाहतूक घटकाच्या बाहेरून. भारतातील सेक्टर या घटकाच्या गोतावळ्यातील आहेत.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. हॉवर्ड यांच्या योजनेत विरळ वस्ती आणि पायी कामावर जाणे या दोन अटी जोडीने आल्या होत्या. एक ठेवून दुसरी सोडली, तर मागे उरते ते केवळ देखणे उपनगर. पॅट्रिक गेडीस यांनी नागपुरासंबंधी अहवाल लिहिला, आणि त्या काळात भारतातील ज्या ज्या जुन्या शहरांविषयी त्यांनी लिहिले तेथे त्यांचा आग्रह हाच होता की नकाशा आखण्यापूर्वी माणसे कशी राहतात, कोठे जातात, काय करतात हे हिंडून पाहावे. नवी पोलाद नगरे कोऱ्या कागदावर आखली गेली. हिंडून पाहावयास तेथे जे काही होते ते नांगरलेले शेत होते आणि ते घेतले गेले होते.

तरीही पहिल्या पिढीत भिलाईची रचना पुष्कळ अंशी साधली, हे मान्य करावयास हवे. ज्याला कारखान्यात कायम नोकरी, त्याला यथावकाश क्वार्टर. ज्याला क्वार्टर, त्याला सायकलच्या पल्ल्यात गेट. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा सडकांवर येई आणि थोड्या वेळात सेक्टरांत विरून जाई. मुंबईच्या उपनगरी गाडीत लोंबकळणाऱ्या कारकुनाला हे सुख स्वप्नातही दिसले नसते.

मग बिघडले कोठे? घरे होती तेथेच राहिली, रस्ते होते तेवढेच राहिले. बदलली ती घरातील आणि गेटातील माणसे. हा बदल दोन वाटांनी झाला आणि दोन्ही निरनिराळ्या पाहिल्या पाहिजेत.

पहिली वाट घरातली. उदाहरणादाखल एक हेक्टर जमिनीवर ३० घरे आहेत असे धरावे. अन्विन यांचे प्रमाण हेच होते. पहिल्या पिढीत घरटी ६ माणसे : नवरा, बायको, तीन मुले आणि गावाकडून आलेली आई. म्हणजे हेक्टरी १८० माणसे. तीस-पस्तीस वर्षांनी मुले शिकून पुण्याला, बंगळुरूला गेली, आई राहिली नाही, आणि घरात दोघेच उरले. हेक्टरी ६० माणसे. एक वीटही न हलवता वस्तीची दाटी एक-तृतीयांश झाली. शाळा ज्या मुलांसाठी बांधली ती मुले नाहीत. कारखान्याच्या कित्येक शाळा बंद झाल्या किंवा एकमेकींत मिळवण्यात आल्या, त्यामागे खर्चात कपात करण्याचे धोरण जसे आहे तसे हे साधे गणितही आहे.

हेच गणित बसला लावून पाहण्यासारखे आहे. थांब्यापर्यंत माणूस खुशीने चालेल ते अंतर सुमारे ४०० मीटर. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ५० हेक्टर जमीन येते. त्यातील निम्मी रस्ते, मैदाने, शाळा यांत जाते असे धरले तर घरांची जमीन २५ हेक्टर. पूर्वीच्या मानाने तेथे ४,५०० माणसे होत, आताच्या मानाने १,५००. त्यांपैकी दहावा हिस्सा सकाळच्या दोन तासांत एकाच दिशेला जाणारा असेल, तर पूर्वी ४५० उतारू मिळाले असते, आता १५०. एका बसमध्ये ५० माणसे मावतात. तेव्हा पहिल्या हिशेबाने दर तेरा मिनिटांस एक बस भरून जाते; दुसऱ्या हिशेबाने चाळीस मिनिटांस एक. चाळीस मिनिटे कोण थांबतो? ज्याला जमेल तो मोटारसायकल घेतो, मग त्या बसलाही पुरेसे उतारू उरत नाहीत. जुने रहिवासी ज्या शांततेचे कौतुक करतात आणि ज्या वाहनांच्या नावाने बोटे मोडतात, त्या दोन्हींचे मूळ एकच आहे. त्या रहिवाशांना हे सांगितलेले आवडत नाही, हेही खरे.

दुसरी वाट गेटातली, आणि ती अधिक गंभीर आहे. कारखान्याचे उत्पादन वाढत गेले, परंतु कायम कामगारांची संख्या सतत घटत गेली. त्यांच्या जागी कंत्राटी कामगार आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईत दीर्घकाळ पाहणी केली आणि २०२० साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील लोक ‘नोकरी’ आणि ‘काम’ या शब्दांत जो भेद करतात, त्यावर त्यांनी बोट ठेवले आहे. नोकरी असते त्याला पगार, रजा, इस्पितळ, मुलांची शाळा आणि क्वार्टर मिळते. काम असते त्याला त्या दिवसाची मजुरी मिळते. दोघे एकाच छपराखाली, एकाच भट्टीच्या आचेत उभे असतात. परंतु ते दोन भिन्न वर्गांचे लोक झाले आहेत, असे पॅरी यांचे प्रतिपादन आहे.

या भेदाला भूगोलही आहे. सेक्टर लोहमार्गाच्या दक्षिणेस. उत्तरेस सुपेला, पॉवर हाऊस, कॅम्प-१, कॅम्प-२, खुर्सीपार. कॅम्प हे नावच सांगते की या वस्त्या कारखाना उभारणाऱ्या मजुरांच्या तळांतून वाढल्या. उभारणी संपली की तळ उठतील अशी कल्पना असावी. तळ उठले नाहीत. तेथे घरे चिकटून घरे झाली, गल्ल्यांत दुकाने आली आणि दक्षिणेकडील सेक्टरांत जेवढी जमीन एका सडकेला लागते तेवढीत उत्तरेला एक मोहल्ला बसला. याखेरीज अवतीभवतीच्या खेड्यांतून सायकलने नाही तर मोटारसायकलने कंत्राटी कामगार येतात. रात्रपाळीला निघताना अंधारातून, सुटल्यावर डोळ्यांवर झोप घेऊन. या माणसाच्या दृष्टीने सेक्टर २ चा विरळपणा म्हणजे त्याला रोज तोडावे लागणारे अंतर.

१९९०-९१ मध्ये शंकर गुहा नियोगी यांनी भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांना संघटित केले, २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली, आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. त्या लढ्याच्या मागण्या मजुरीच्या आणि कायम नोकरीच्या होत्या. घराचा हक्कही नोकरीच्याच पोटात होता. तो वेगळा मागण्याची गरज कोणाला भासली नसावी.

महाराष्ट्रातील वाचकाला या ठिकाणी गिरणगाव आठवेल. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधल्या गेल्या. एका खोलीचे क्षेत्र १६० चौरस फूट, आणि तीत कधी एक कुटुंब, कधी गावाकडचे दहाबारा गडी. दाटीचे याहून कठोर उदाहरण शोधावे लागेल. परंतु भोंगा वाजला की माणूस चालत गिरणीत जात असे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद होत गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, आणि कामगारांची मुले विरार, डोंबिवली, कल्याणच्या मोठ्या खोल्यांत गेली. त्यांना घरात जागा मिळाली आणि ती जागा त्यांनी गाडीत गमावली. भिलाईत आरंभ नेमका उलट्या टोकाने झाला, विरळ घरे आणि जवळचे काम. पण कंत्राटी कामगार आज जेथे येऊन पोहोचला आहे ते ठिकाण विरारच्या गाडीपासून फारसे दूर नाही.

नवी मुंबईची कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिआ, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली, आणि १९७० साली सिडकोची स्थापना झाली. घर आणि काम एकत्र नेऊन मुंबईचा भार हलका करावा, हा हेतू होता. घरे आधी झाली, कामे मागून येत राहिली. वाशीपर्यंत उपनगरी गाडी पोहोचण्यास १९९२ साल उजाडले. या मधल्या वर्षांत तेथील रहिवाशाने खाडीपुलावर किती तास काढले असतील, त्याचा जमाखर्च कोणी मांडलेला नाही. घनतेसंबंधी पटेल यांनी पुढे जे लिहिले ते मात्र सेक्टर २ मध्येही वाचले जावे असे आहे. नुसता चटई क्षेत्र निर्देशांक पाहून वस्ती दाट की विरळ हे ठरवू नये, असे ते म्हणतात. माणशी घराच्या आत किती जागा आहे, आणि माणशी घराबाहेर, म्हणजे रस्ते, मैदाने, शाळा मिळून, किती जागा आहे, हे दोन आकडे वेगवेगळे पाहावेत. कारण उंच इमारतीत श्रीमंत माणसे राहिली तर वस्ती विरळ असू शकते, आणि बैठ्या झोपड्यांत ती असह्य दाट असू शकते.

ही कसोटी लावली म्हणजे वादातील तिन्ही पक्षांची म्हणणी वेगळ्या प्रकाशात दिसू लागतात. मोकळेपणा राखा म्हणणाऱ्यांचे मैदानांविषयीचे म्हणणे योग्य आहे. माणशी बाहेरची जागा भिलाईने कमावलेली आहे आणि ती एकदा गेली की परत येत नाही. परंतु मैदान आणि रिकामे क्वार्टर या दोन गोष्टी एक नव्हेत. मोडकळीस आलेल्या क्वार्टरच्या जागी तीन-चार मजली घरे झाली, तर एकही मैदान न घेता हेक्टरी १८० हा जुना आकडा परत गाठता येईल, आणि नळ व गटारे ज्यांच्यासाठी घातली तेवढीच माणसे तेथे राहतील. तिसऱ्या पक्षाच्या शंकेला याहून सरळ उत्तर नाही. नळ जुने झाले म्हणून बदलावे लागतील, ही गोष्ट निराळी. वर चढून बांधा म्हणणाऱ्यांना मात्र एक प्रश्न विचारला पाहिजे : कोणासाठी? नव्या सदनिका जर रायपूरला रोज मोटारीने जाणाऱ्यांनी घेतल्या, तर सेक्टरात माणसे वाढतील, मोटारी वाढतील, आणि खुर्सीपारचा मजूर सायकलवर होता तेथेच राहील. दुर्ग आणि रायपूर यांमध्ये जेमतेम ४० किलोमीटरचे अंतर आहे. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहाची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर गेली होती, आणि हमरस्त्यालगत मधली गावे एकमेकांना भिडत चालली आहेत. तेव्हा ही भीती काल्पनिक नाही.

निवृत्तांची अडचण याहून नाजूक आहे. आयुष्य ज्या घरात गेले ते सोडावयाचे आणि नवे घर घेण्याचे बळ नाही, असे पुष्कळ आहेत. काहींना या शतकाच्या आरंभी दीर्घ भाडेपट्ट्याने घरे मिळाली. सर्वांना मिळाली नाहीत. पोलाद प्राधिकरणाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये असे म्हटले की निवृत्तीनंतर क्वार्टर न सोडल्यास दंडात्मक भाडे ग्रॅच्युइटीतून वळते करून घेता येते. कायदा म्हणून ते ठीक असेल. पण ज्याच्या हातात ती रक्कम हेच नव्या घराचे भांडवल असते, तो ती कापली जात असताना घर कोठून घेणार? क्वार्टर अडवून बसलेले म्हणून ज्यांना नावे ठेवली जातात त्यांच्यात अशी जोडपी किती, हे पाहिल्यावाचून बोलू नये. त्यांना त्याच सडकेवर, तळमजल्यावर, लहान घर देण्याची सोय झाली तर मोठी क्वार्टरे आपोआप मोकळी होतील. आजवर नगररचनेने कुटुंब वाढते हे धरून घरे आखली. कुटुंब आक्रसते, याचा विचार तिने क्वचितच केला.

कारखान्याचे व्यवस्थापन म्हणू शकते की आमचा धंदा पोलादाचा, घरांचा नव्हे. १९५५ साली हे म्हणता आले नसते, कारण घरे दिल्याशिवाय माणसे येणार नव्हती. आज घरांवाचून माणसे मिळतात, म्हणून ते म्हणता येते. घराचा खर्च त्यामुळे नाहीसा झालेला नाही. तो कंत्राटी कामगाराच्या भाड्यात, पेट्रोलमध्ये आणि झोपेत विभागला गेला आहे, आणि तेथे तो कोणाच्याही ताळेबंदात दिसत नाही.

तेव्हा सेक्टर २ मध्ये मजले किती चढवावेत हे ठरवण्यास जे कोणी बसतील, त्यांनी आधी एक साधी मोजणी करून घ्यावी : दर पाळीला गेटातून आत जाणारी माणसे रात्री कोठे निजतात आणि तेथून येण्यास त्यांना किती वेळ लागतो. ही मोजणी अवघड नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो नोकरीचा असो की कामाचा, पास घ्यावा लागतो, आणि पास देताना पत्ता नोंदवला जातोच.